पुस्तके घेणे, देणे आणि सोडणे



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून उन्हे कलल्यावर चार शहाण्यांचे विचार ऐकावयास जमावे, असा चांगला प्रघात महाराष्ट्रात पडला. या व्यासपीठावर बहुधा पंडित बोलतात. आम्ही पंडित नव्हे. आमचे शाळेतील शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढे जे काही झाले ते मागून आणलेल्या पुस्तकांवर झाले. 'आम्ही' म्हणतो यात मोठेपणाचा भाव नाही. तीस वर्षे कामगार संघटनेत काढल्यावर 'मी' हा शब्द जिभेवर येईनासा होतो, एवढेच.

कामगारांच्या कार्यकर्त्याने पगारवाढीवर बोलावे, पुस्तकांवर का बोलावे, असे काहींना वाटेल. पण पुस्तकाचा प्रश्न हा मुळात मालकीचा प्रश्न आहे, आणि मालकीच्या प्रश्नाशी आमचा जन्मभर संबंध आला. पुस्तक विकत घेणारा त्याचा मालक, की वाचणारा? मागून नेलेले पुस्तक परत करीत नाही तो चोर, की कपाटाला कुलूप लावतो तो? आणि मालक गेल्यावर त्या पुस्तकांचे काय व्हावे? याच प्रश्नांचा आज विचार करू.

एक जुने सुभाषित आपण सर्वांनी ऐकले असेल. पुस्तक, स्त्री आणि पैसा ही एकदा दुसऱ्याच्या हाती गेली म्हणजे गेलीच. परत आली तर फाटून, बिघडून किंवा तुकड्यातुकड्याने येतात, असा त्याचा आशय. स्त्रीला वस्तूंच्या रांगेत बसवणाऱ्या या सुभाषितकाराशी आमचे पटणे शक्य नाही. पण पुस्तकांपुरता त्याचा अनुभव खोटा नाही. हस्तलिखित पोथ्यांच्या शेवटीही लेखकू विनवणी करून ठेवीत, की हिला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, बांधणी सैल होऊ देऊ नका आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. तेल आणि पाणी यांच्या पंक्तीला त्यांनी मूर्ख वाचकास बसवले. पाण्याचा अनुभव तर आपल्या गावाने २००६ च्या पुरात घेतला आहे. गोदावरीचे पाणी गावात शिरले त्या वर्षी आमच्या युनियनच्या खोलीतील कपाटाचा खालचा खण भिजला. पाळी संपवून आलेल्या कामगारांनी ती पुस्तके गच्चीवर पान पान उलगडून वाळवली. पाने फुगली, पण अक्षर राहिले.

पुस्तकाचे खरे मरण कशात आहे, हे पाहावयास पैठणकरांना दूर जाण्याचे कारण नाही. आपले गाव म्हणजे सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान. गुणाढ्याची कथा इथलीच. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागरा'त ती सांगितली आहे. राजास संस्कृत किती काळात शिकवता येईल यावर दरबारात पैज लागली. गुणाढ्य सहा वर्षे म्हणाला, शर्ववर्म्याने सहा महिन्यांत शिकवून दाखवले. पैज हरलेल्या गुणाढ्याने संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा या तिन्ही सोडल्या, तो अरण्यात गेला आणि पैशाची भाषेत स्वतःच्या रक्ताने सात लक्ष श्लोकांची 'बृहत्कथा' त्याने लिहिली. शिष्यांनी ती राजाकडे आणली, तर भाषा हलकी आणि शाई रक्ताची म्हणून राजाने ती झिडकारली. मग गुणाढ्याने अग्नी पेटवला आणि एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून तो ते आगीत टाकू लागला. पशू चरणे विसरून ऐकत राहिले. राजाच्या ताटात सुकलेल्या जनावरांचे मांस येऊ लागले, तेव्हा चौकशी झाली आणि राजा धावला. तोवर सहा लक्ष श्लोक जळून गेले होते, एक लक्ष उरले होते.

ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. पण तीत एक खरी गोष्ट आहे. मूळ 'बृहत्कथा' आज कोठेही मिळत नाही. ती टिकली ती दुसऱ्यांच्या हातून: सोमदेवाने, क्षेमेंद्राने, बुधस्वामीने आपापल्या संस्कृतात ती पुन्हा सांगितली म्हणून. गुणाढ्याची स्वतःची प्रत गेली. इतरांनी घेतली तेवढीच कथा राहिली. पुस्तक दुसऱ्याच्या हाती गेले म्हणजे गेले, असे सुभाषितकार म्हणतो. पैठणची कथा सांगते की हाती गेले तेवढेच राहिले.

दुसरे उदाहरण नाथमहाराजांचे. ज्ञानेश्वरी नेवाशास शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली सांगितली गेली. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षे ती नकलांवर नकला होत हिंडली. नकलाकाराने कोठे शब्द चुकवला, कोठे आपली ओवी घुसडली. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी तिचा पाठ शुद्ध केला आणि यापुढे कोणी आपली ओवी तीत घालू नये अशी ताकीद दिली. नाथांच्या या कामाविषयी आपण दरवर्षी षष्ठीच्या कीर्तनात ऐकतो. आमचे लक्ष मात्र दुसऱ्याच माणसांकडे जाते. पाठ पडताळून पाहायचा तर निरनिराळ्या प्रती समोर हव्यात. त्या कोणाच्या तरी घरच्या असणार, देव्हाऱ्यात ठेवून पूजल्या जाणाऱ्या असणार. ज्यांनी देव्हाऱ्यातून काढून पोथी दिली असेल त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. पण दिली नसती तर नाथ तरी काय करणार होते?

आता याच्या उलट बाजू पाहा. चक्रधरस्वामी काही काळ पैठणात राहिले होते. त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी, ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांच्याकडे जाऊन जमवल्या आणि मराठीतला आद्य चरित्रग्रंथ 'लीळाचरित्र' तयार झाला. मूळ पोथी धाडीत गेली आणि ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्याकडून पुन्हा सिद्ध झाली, असे परंपरा सांगते. अशा आपत्तींतून गेलेल्या पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंदिस्त केले, यात नवल नाही. त्या कुलुपामुळे ग्रंथ जगले. त्याच कुलुपामुळे उरलेला महाराष्ट्र काही शतके आपल्याच भाषेतल्या अस्सल गद्याला मुकला. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, वि. ल. भावे, य. खु. देशपांडे या अभ्यासकांनी पंथातील महंतांच्या साहाय्याने ते भांडार वाचकांसाठी उघडले. यातले भावे कोण? १८९३ साली ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय काढणाऱ्यांपैकी ते. ज्याला चार लोकांसाठी ग्रंथालय काढण्याची बुद्धी होते त्यालाच कुलपाची खंत वाटते, असा आम्ही त्याचा अर्थ घेतो.

म्हणजे द्यावे तर हरवते आणि ठेवावे तर कुजते. मग ग्रंथप्रेमी माणसाने करावे तरी काय?

इतिहासाचार्य राजवाड्यांच्या चरित्रात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसतात. गावोगाव पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवरून दप्तरे उतरवून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' यांचे बावीस खंड दिले. रद्दीत आणि वाळवीच्या तोंडी जाणारे कागद या एका माणसाने वाचवले. पण त्यांनी मिळवलेल्या आणि १९०९ साली छापलेल्या ज्ञानेश्वरीची मूळ जुनी पोथी पुढे अभ्यासकांना पाहावयास मिळाली नाही. त्या पाठावर वाद घालणाऱ्यांना आजही छापील प्रतीवरच थांबावे लागते. ते १९२६ च्या अखेरीस धुळ्यास वारले आणि पुढल्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. जे कागद मंडळाच्या हाती आले त्यांना घर मिळाले. एवढ्या मोठ्या संग्राहकाची जर ही कथा, तर आपल्या घरच्या दोन कपाटांची काय हमी?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यूयॉर्कमध्ये पोट मारून जुन्या बाजारातून पुस्तके घेतली. १९१७ साली लंडनहून परतताना त्यांचे सामान ज्या बोटीने पाठवले होते ती युद्धात बुडवली गेली. पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली आणि विम्याचे सहाशे रुपये हाती आले. दुसरा एखादा माणूस पुस्तकांच्या मागे लागणे सोडून देता. त्यांनी पुन्हा जमवली आणि दादरला 'राजगृह' बांधले तेच मुळी ग्रंथांना जागा हवी म्हणून. ग्रंथांवर एवढा जीव असलेल्या या माणसाने संग्रह आपल्यापाशीच राहावा असे मात्र धरले नाही. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले, त्याच्या ग्रंथालयात त्यांची पुस्तके गेली. १९५० साली आपल्या येथून पन्नासएक किलोमीटरवर, तेव्हाच्या औरंगाबादेत, त्यांनी महाविद्यालय काढले, तेच आजचे मिलिंद. ज्या मुलांच्या आजोबांना अक्षराची बंदी होती त्या मुलांच्या हाती ग्रंथालयाचे कार्ड आले. समुद्रात गेलेल्या पुस्तकांची याहून मोठी भरपाई कोणती विमा कंपनी देणार?

मराठवाड्यात तर वाचनालय ही चैनीची गोष्ट कधीच नव्हती. निजामी राज्यात कारभार उर्दूत, १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू आणि सभा भरवायची तर सरकारी परवानगी. अशा दिवसांत परभणीचे १९०१ सालचे गणेश वाचनालय किंवा हैदराबादेतील १९२२ सालचे मराठी ग्रंथसंग्रहालय ही नुसती पुस्तकांची घरे नव्हती. मराठी माणसांना चारजणांत बसून बोलण्याची ती जागा होती. तिकडे मुंबईत ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने १९११ पासून गिरणी कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालये चालवली. पुढे १९२० साली देशातील पहिली मोठी मध्यवर्ती कामगार संघटना उभारणाऱ्यांत हेच जोशी होते. कामगाराला संघटनेइतकीच पुस्तकाची गरज आहे, हे आमच्या चळवळीला पहिल्यापासून ठाऊक होते. मध्यंतरी ती ते विसरली, हा आमचा दोष.

आमच्या युनियनच्या खोलीत आम्ही एक लोखंडी कपाट ठेवले आणि एक रजिस्टर घातले, त्याचा अनुभव सांगतो. त्याआधी आम्ही आमची स्वतःची पुस्तके ओळखीवर देत असू. परतीचा अनुभव सुभाषितात सांगितल्याप्रमाणेच आला. वर पंचाईत अशी की मागावयास जावे तर मैत्री तुटते आणि न जावे तर मन खाते. मग आम्ही ठरवले की आमची सगळी पुस्तके कपाटाची, कपाट संघटनेचे आणि आम्हांला पुस्तक हवे असेल तर आम्हीही रजिस्टरात सही करायची. दंड ठेवला नाही. महिन्याच्या सभेत वर्गणीच्या हिशेबानंतर कोणाकडे कोणते पुस्तक आहे एवढे वाचून दाखवायचे. नावापुढे पुस्तकाचे नाव ऐकू आले की कोणी लाजत असे, पण कोणाचा अपमान होत नसे. उलट, 'ते झाले की मला दे' असे मागून कोणीतरी ओरडे आणि पुढचा वाचक तिथेच ठरून जाई.

काही वर्षांनी तो कारखाना बंद पडला. देणी अडकली, माणसे पांगली. कोणी वाळूजला गेले, कोणी ऊसतोडीला. त्या दिवशी रजिस्टराप्रमाणे एक्केचाळीस पुस्तके बाहेर होती. ती गेली असेच आम्ही धरून चाललो. ज्याच्या घरी चूल पेटण्याची भ्रांत, त्याच्याकडे पुस्तक कोणत्या तोंडाने मागायचे? पण न मागता ती येऊ लागली. एकाने एस.टी.च्या वाहकाबरोबर पाठवले. एकाची बायको भाजीच्या पिशवीतून घेऊन आली आणि म्हणाली, "भाऊ, यांनी सांगितलंय, आधी सही खोडा, मग पुस्तक घ्या." वर्षभरात एकोणतीस परत आली. मालकाने कामगारांचे देणे ठेवले. कामगारांनी कपाटाचे ठेवले नाही. राहिलेली बारा नावे आम्ही खोडलेली नाहीत. ती येणे बाकी म्हणून नव्हे, तर ती माणसे अजून आमच्या हिशेबात आहेत म्हणून.

आता स्वतःचे एक देणे कबूल करावयाचे आहे. आम्हांला वाचावयास लावले ते या गावच्या एका निवृत्त गुरुजींनी. त्यांच्या घरी भिंतभर पुस्तके होती. 'आठ दिवसांत परत' ही त्यांची एकच अट. औद्योगिक विवाद कायदा आम्ही त्यांच्याच प्रतीवरून रात्री जागून वहीत उतरवून घेतला आणि ती प्रत आठव्या दिवशी परत केली. १९४७ च्या त्या कायद्याची जागा आता २०२० च्या संहितेने घेतली. ती वही कोणास कायदा म्हणून देण्याजोगी राहिली नाही. आम्ही ती आठवण म्हणून ठेवली आहे. पण दुसरे एक पुस्तक, राज्य शासनाने १९६९ साली प्रथम प्रसिद्ध केलेले 'महात्मा फुले समग्र वाङ्मय', आम्ही परत केले नाही. आधी संप होता, मग निवडणूक होती, मग लाज वाटू लागली. गुरुजींनी कधी मागितले नाही. रस्त्यात भेटले की फक्त विचारीत, "सध्या काय वाचता?" आम्हांला तो प्रश्न टोचत असे.

गुरुजी गेले. मुले परगावी स्थायिक झालेली. घर विकले आणि दोन दिवसांत ती भिंत रद्दीच्या गाडीवर चढली. आम्ही मुलांना दोष देत नाही. त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात ती पुस्तके मावली नसती आणि कोणती कोणास द्यावयाची हे त्यांना कोणी सांगून ठेवले नव्हते. आम्हांला बातमी लागली तोवर गाडी गेली होती. गुरुजींच्या संग्रहातले, आमच्या माहितीप्रमाणे, एकच पुस्तक आज शिल्लक आहे: आम्ही बुडवलेले. परत न केल्यामुळे ते वाचले असे कोणी म्हणेल. ही पळवाट आम्ही स्वतःला पुष्कळ दिवस देऊन पाहिली. ती खरी नाही. आम्ही ते वेळेवर परत केले असते आणि त्या निमित्ताने गुरुजींपाशी बसून 'या सगळ्यांचे पुढे काय?' एवढे विचारले असते, तर कदाचित सारी भिंत वाचली असती. फुल्यांचे ग्रंथ बाजारात पुन्हा मिळतात. त्या प्रतीच्या समासात गुरुजींनी पेन्सिलीने केलेल्या खुणा मात्र मिळणार नाहीत. ते पुस्तक आज आम्ही बरोबर आणले आहे. व्याख्यान संपल्यावर ते गावच्या वाचनालयाच्या स्वाधीन करू आणि दात्याच्या रकान्यात गुरुजींचे नाव लिहावयास सांगू.

आपल्या राज्यात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यांतला पहिलाच असा की पुस्तके वापरण्यासाठी आहेत. कायदा आहे, शास्त्रही आहे. उणीव आहे ती आपल्या घरच्या कपाटापासून वाचनालयाच्या दारापर्यंतच्या वाटेची. ती वाट घालावयास सरकारची गरज नाही. त्यासाठी चार गोष्टी कराव्यात, असे आम्ही सुचवतो.

पहिली, घरच्या पुस्तकांची एक साधी यादी करावी आणि कोणाला काय दिले ते तीत लिहावे. हिशेब ठेवणे म्हणजे अविश्वास नव्हे. हिशेब नसला की अविश्वास वाढतो. दुसरी, निवड करावी. सातवाहन राजा हालाने कोटी गाथांतून सातशेच निवडल्या असे 'गाथासप्तशती'तच म्हटले आहे. बाकीच्या त्याने सोडल्या, म्हणून सातशे आपल्यापर्यंत आल्या. कालबाह्य मार्गदर्शके आणि फाटकी मासिके वाचनालयाच्या माथी मारणे हे दान नव्हे. त्यांना काय हवे ते आधी विचारावे. तिसरी, हात चालतात तोवरच द्यावे. आपल्या हाताने दिलेल्या पुस्तकाबरोबर चार शब्द जातात. आपल्या मागे गेलेले पुस्तक वजनावर जाते. निदान कोणते कोणास द्यावे हे मुलाबाळांना लिहून ठेवावे.

चौथी सूचना खास पैठणकरांसाठी. गुढीपाडवा हा शालिवाहन शकाचा पहिला दिवस आणि शालिवाहनाचे गाव हे. दर पाडव्यास प्रत्येकाने आपले कपाट उघडून दुसऱ्याचे एक पुस्तक शोधावे आणि ते परत करून यावे. ज्याचे होते तो नसेल तर ते त्याच्या नावाने वाचनालयात द्यावे. आम्ही तीस वर्षे उशीर केला. तेवढा आपण करू नये.

आता उठताना आपण मनात आठवू लागलाच असाल, की आपल्याकडे कोणाचे काय आहे. तेवढे आठवले तरी आमचे काम झाले.